इंजिन तापत नाही, हाच ताप

४ डिसेंबर

आज गाडी दारात उभी राहिली. जुनी आहे, मालवाहू आहे आणि नाकाडी आहे. इंजिन पुढे नाकासारखं बाहेर, बॉनेट उचललं की सगळं आतडं समोर. रंग पूर्वी निळा असावा. आजवर बस चालवली ती कंपनीची. बिघडली की डेपोत लावायची आणि किल्ली टेबलावर ठेवून घरी यायचं. ही गाडी माझी स्वतःची. इथून पुढे बायकोला 'ही' म्हणेन आणि गाडीला 'गाडी', नाहीतर वहीत घोटाळा होईल.

हिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "दिसायला तुमच्यासारखीच आहे." कशी ते सांगितलं नाही.

काम मिळालं आहे ते नाजूक आहे. अंड्यातून त्याच दिवशी बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं घाटापलीकडच्या पोल्ट्र्यांवर पोचवायची. घाटात थंडी मरणाची, आणि पिल्लाला तर आईच्या पंखाखाली असते तेवढी ऊब लागते. म्हणून वेल्डरकडून गाडीच्या मागे बंद पेटी करून घेतली. इंजिनातलं गरम पाणी नळीने मागे जातं, पेटीच्या तळाशी नागमोडी फिरतं आणि परत इंजिनात येतं. पिल्लं जिथे उबवतात त्या हॅचरीच्या बाईंनी येऊन पाहिलं, नळीला हात लावला आणि म्हणाल्या, "लक्षात ठेवा, तुमचं इंजिन ही आता यांची आई. आई थंड पडली तर लेकरं जातील. महिनाअखेरपर्यंत बघते, मग कायमचं ठरवू." रोजचं तापमान लिहून ठेवायचं त्यांनीच सांगितलं. म्हणून ही वही.

संध्याकाळी चाचणी घेतली. तापमानाचा काटा बरोबर मधोमध. नळ्या हात टिकणार नाही इतक्या गरम.

सासरेबुवाही बाहेर आले होते. ते उन्हाळ्यापासून आमच्याकडे राहतात. जन्मभर सपाटीवर, रणरणत्या उन्हात ट्रक हाकला. आता नजर कमी झाली, म्हणून मुलीने आणलं. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"तापते," म्हणाले.

"इंजिन आहे, बाबा. तापणारच."

"आमच्या गाड्या नाही तापायच्या. आणि यात माझी मुलगी बसणार."

मी म्हटलं, "तुम्ही आता कसली काळजी करू नका. तुम्ही आराम करा."

६ डिसेंबर

काटा झोपला आहे. परवा मधोमध होता, काल सकाळपासून तळाशी. चढावर थोडा उठल्यासारखा करतो आणि परत पडतो. धुरांड्यातून पांढरा धूर, इंजिनाचा आवाज दात वाजल्यासारखा कडकड, डिझेल मात्र पिते घटाघटा. पेटीतल्या नळ्या कोमट, आंघोळीला काढून विसरलेल्या पाण्यासारख्या.

आधी काट्यावरच संशय घेतला. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर रेडिएटरच्या पाण्यात बुडवला. तो फुटला. हिने विचारलं, "किती निघाला?" मी म्हटलं, "कळण्याआधीच गेला." शेवटी बाईंच्या हॅचरीतून मोठा थर्मामीटर मागून आणला. काटा खरं बोलत होता. इंजिन खरोखरच थंड.

शेजारचा विचारत होता, "काय हो, गाडीला ताप आलाय का?"

"येत नाहीये," मी म्हटलं. "हाच ताप आहे."

त्याला काही कळलं नाही. मलाही अजून फारसं कळलेलं नाही.

७ डिसेंबर

फुंकर आला. हा मेकॅनिक. कुठलाही भाग बसवण्यापूर्वी त्याच्यावर फुंकर मारतो, म्हणून हे नाव. तो स्वतःही आता हेच नाव सांगतो.

आल्या आल्या म्हणाला, "दादा, लोक माझ्याकडे गाडी तापते म्हणून रडत येतात. थंड राहते म्हणून रडणारे तुम्ही पहिलेच. देवाला हात जोडा आणि चालवा."

पिल्लांचं सांगितलं तेव्हा गंभीर झाला. इंजिन चालू केलं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर हात ठेवून उभा राहिला. "बघा," म्हणाला, "ही नळी आधी गार राहायला हवी. इंजिन पुरेसं तापलं की मग आतला दरवाजा उघडतो आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. इथे तर पहिल्यापासून नळी कोमट. दरवाजा सताड उघडा." त्या दरवाजाला थर्मोस्टॅट म्हणतात. मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू, मध्ये स्प्रिंग.

दोन बोल्ट सोडून त्याने झाकण काढलं. दरवाजा उघडाही नव्हता आणि बंदही नव्हता. दरवाजा नव्हताच.

"विकणाऱ्याने काढून ठेवला असणार," मी म्हटलं. चाचणीच्या दिवशी काटा मधोमध होता याचा मेळ लागेना, पण फसवणारी माणसं काय काय करतात आपल्याला ठाऊक नसतं.

सासरेबुवा मागे उभे होते. म्हणाले, "आमच्या वेळी नवी गाडी आली की पहिलं काम हेच. तो काढून फेकायचा. अडकला की इंजिन उकळतं. नसलेला बरा."

जुन्या माणसांचे जुने विचार. मी आतून खुर्ची आणून दिली आणि म्हटलं, "बाबा, उभे राहून दमाल, आराम करा." ते बसले नाहीत. खुर्चीवर फुंकरने आपले पाने ठेवले.

नवा थर्मोस्टॅट बसवला. संध्याकाळी काटा मधोमध. आज झोप लागेल.

८ डिसेंबर

सकाळी परत थंड.

फुंकरला बोलावलं. त्याने झाकण उघडलं. आत काही नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

"काल बसवला होता ना आपण?" त्याने विचारलं.

"तू फुंकर मारलीस. मी पाहिली."

"फुंकर मारली म्हणजे बसवला," तो म्हणाला, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. मग तो बराच वेळ स्वतःची पेटी उलटीपालटी करत राहिला. खिसेसुद्धा पाहिले. मला त्याची दया आली आणि थोडा संशयही आला. जाताना त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यालाही माझ्याबद्दल तसंच काहीतरी वाटत असावं.

दुसरा आणून बसवला. या वेळी दोघांनी एकेक बोट झाकणावर ठेवून खात्री केली.

सासरेबुवांच्या बोटांना आज हिरवट झाक दिसली. इंजिनात घालतात त्या हिरव्या पाण्यासारखाच रंग. पित्त वाढलं असावं. हिला सांगितलं, त्यांना तेलकट देऊ नकोस.

९ डिसेंबर

दुसराही गेला.

आता हा बिघाड राहिलेला नाही. ही चोरी आहे. शेजाऱ्याला विचारलं, रात्री कोणी फिरताना दिसलं का. तो म्हणाला, बॅटरी चोरतात, डिझेल चोरतात, टायरही चोरतात, पण इंजिनाच्या पोटात हात घालून पितळेचा तुकडा नेणारा आणि झाकण परत नीट लावून जाणारा चोर त्याने ऐकलेला नाही. मी म्हटलं, हाच तर त्याचा सफाईदारपणा. बोल्टसुद्धा योग्य तेवढेच आवळलेले होते, ना कमी ना जास्त. चोर कोणी का असेना, हात कसलेला आहे.

तिसरा थर्मोस्टॅट बसवला आणि बॉनेटला कडी लावून कुलूप घातलं. किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला. दुसरी कोणाकडे ठेवावी यावर विचार केला. हिच्याकडे दिली तर हरवेल. विश्वासाचा माणूस हवा, आणि पहाटे लवकर उठणारा हवा.

सासरेबुवा सगळ्यांच्या आधी उठतात. अंधार असतानाच फिरायला बाहेर पडतात. फिरणं अंगणातच असतं, पण असतं भरपूर. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "बाबा, आजपासून गाडी तुमच्या राखणीत."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरंच माझ्याकडे देता?"

"दुसरं कोण आहे मला?"

त्यांचे डोळे भरून आले. एवढ्याशा किल्लीने माणूस किती सुखावतो. रात्री जेवताना दोनदा खिशावरून हात फिरवताना दिसले.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही बाबांना एकदा नीट विचारा ना."

"विचारलं की. ते म्हणतात, गाडी थंड आहे म्हणजे शांत आहे. आता त्यावर काय बोलणार?"

१० डिसेंबर

कुलूप जागेवर. कडी जागेवर. सासरेबुवा अंगणात स्टुलावर बसलेले. "कोणी आलं नाही," म्हणाले. "मी स्वतः होतो."

काटा तळाशी. आत थर्मोस्टॅट नाही.

मी सरळ जमिनीवर बसलो. फुंकरही शेजारी बसला. म्हणाला, "दादा, मी आजवर कोणाला बोललो नाही, पण काही इंजिनं खातात."

"काय खातात?"

"भाग. एकाने एकदा पंख्याचा अख्खा पट्टा खाल्ला होता."

एरवी मी असल्या गोष्टींवर हसलो असतो. पण नीट विचार करून पाहावा. बंद कुलूप. राखणीला घरचा माणूस. बाहेरून कोणी आलेलं नाही. तेव्हा वस्तू बाहेर गेली नसेल तर ती आतच आहे, आणि आत दिसत नसेल तर विरघळली आहे. कशात? त्या हिरव्या पाण्यात. इतका साधा निष्कर्ष, पण तिथे पोचायला तीन थर्मोस्टॅट लागले.

फुंकरला सांगितलं. तो म्हणाला, "पितळ असं पाण्यात विरघळत नाही हो." मग म्हणाला, "पण फुंकर मारूनही राहत नाही म्हटल्यावर काहीही होऊ शकतं."

ठरलं. हिरवं पाणी काढून टाकायचं, आतून धुवायचं आणि दुसऱ्या जातीचं, गुलाबी, घालायचं.

१२ डिसेंबर

गुलाबी पाणी घातलं. चौथा थर्मोस्टॅट बसवला. काटा संध्याकाळी असा उभा राहिला की बघत बसावं.

शिवाय जास्तीची खबरदारी म्हणून रेडिएटरसमोर पुठ्ठा बांधला आणि नाकावर जुनी गोधडी. उद्या पिल्लांची पहिली मोठी खेप आहे. शेजारी म्हणाला, गाडीला नुसतं कानाला फडकं बांधायचं राहिलं. हसू दे.

सकाळी सासरेबुवा विचारत होते, "पाणी बदललं का?" मी म्हटलं, हो, आता काही विरघळणार नाही. "असं," म्हणाले. लक्ष असतं त्यांचं.

१३ डिसेंबर

लिहायला हात होत नाही, पण लिहिलं पाहिजे.

ही बरोबर आली होती, पिल्लांवर लक्ष ठेवायला. सकाळी निघालो तेव्हा काटा तळाशीच होता, पण पहाटे कुठलंही इंजिन थंडच असतं. वाटलं, पुढे तापेल. पुढे उतार लागला, तापलं नाही. मग घाट लागला. घाटात ढग खाली आले होते, वारा समोरून. गोधडी एका बाजूने सुटून झेंड्यासारखी फडफडायला लागली. हिने केबिनच्या मागच्या झडपेतून पेटीत हात घातला आणि म्हणाली, "अहो, नळ्या गार आहेत."

पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. चिवचिव थांबली होती. ते थांबणं फार वाईट असतं.

जेवढे खोके मावले तेवढे केबिनमध्ये घेतले. हिच्या मांडीवर, पायाशी, माझ्या स्वेटरच्या आत. वळणावर एक बेकरी दिसली, भट्टी चालू होती. गाडी आडवी लावली आणि खोके घेऊन आत धावलो. बेकरीवाली बाई पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली.

"भट्टीजवळ जागा द्या," मी म्हटलं.

तिने खोक्यात डोकावून पाहिलं. "जरा लवकरच आणलीत," म्हणाली. "अजून वाढू द्यायची होती."

ही रडत होती, तरी तिला हसू आलं. मग त्या बाईने स्वतःच पावाचे ट्रे बाजूला सारले आणि भट्टीच्या भिंतीला लावून सगळे खोके मांडले. पाव घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक बराच वेळ निवडत उभं होतं आणि शेवटी, "हे आतून कच्चे दिसतात," म्हणून निघून गेलं. हळूहळू चिवचिव परत सुरू झाली. आधी एका खोक्यातून, मग सगळ्यांतून. बेकरीवाली बाई ओरडून बोलायला लागली तेव्हा मला धीर आला.

सगळी नाही वाचली. जी गेली ती हिने रुमालात गुंडाळून बेकरीमागे झाडाखाली पुरली. मला बघू दिलं नाही.

हॅचरीच्या बाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "अजून एकदा बघते."

घरी आलो तेव्हा सासरेबुवा फाटकातच उभे होते. "गाडी उकळली नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग असे का दिसता दोघं?"

ही आत गेली. मी म्हटलं, "पिल्लं गेली, बाबा. थंडीने."

"पेटी बंद होती ना?"

"पेटी बंद असून काय उपयोग? पेटीला ऊब इंजिनाची. इंजिनातलं गरम पाणीच मागे फिरतं. इंजिन थंड तर पेटी थंड."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "इंजिनातलं पाणी?"

"तेच तर. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं बहुतेक. त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून गाडीतलं काही सांगत नाही. ते हळूहळू आपल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. ताट आत नेऊन दिलं, तर हात धुवायला उठले तेव्हा दिसलं, त्यांचे तळहात छान गुलाबी झाले आहेत. पित्त गेलं म्हणायचं. पाणी ओतणाऱ्या हिलाही ते दिसलं असावं. तिने त्यांचा हात हातात धरून ठेवला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. पाणी खाली सांडत होतं.

१४ डिसेंबर

आज गाडीला हात लावला नाही.

ही सासरेबुवांचा जुना कोट धुवायला काढत होती. खिशातून काहीतरी निघालं. लांबून नीट दिसलं नाही, औषधाची डबी असावी. ती घेऊन ही त्यांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी कान देऊन ऐकत नाही, पण आमची दारं पातळ आहेत.

ही म्हणत होती, "आणि बाकीचे?"

"ट्रंकेत आहेत. जपून ठेवलेत."

"बाबा, असं का केलंत?"

मग त्यांचा आवाज, बारीक झालेला: "तू बसतेस त्यात. माझ्या डोळ्यांदेखत उकळलेलं इंजिन फुटलंय. क्लीनर भाजला होता माझा. मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून व्हावं. पिल्लांचं मला कोणी सांगितलंच नाही गं. आराम करा म्हणतात सगळे."

म्हणजे औषधं घेत नाहीत, ट्रंकेत लपवून ठेवतात, आणि कारण विचारलं की जुने अपघात काढून बसतात. म्हातारपणी असं होतं. हिला समजूत घालायला वेळ लागला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा मात्र हलका वाटत होता.

मला म्हणाली, "फुंकरला उद्या बोलवा. शेवटचं एकदा बसवू. थर्मोस्टॅट मी आणते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"दुकानदाराला कळतं."

१५ डिसेंबर

हिने थर्मोस्टॅट आणून फुंकरच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, कडेवरचा जुना चिकट थर नखाने खरवडला. हिच्याकडे पाहिलं. हिने त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनी अंगणात स्टुलावर बसलेल्या सासरेबुवांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"चांगला माल आहे," फुंकर म्हणाला. "ओळखीचा वाटतो."

मी म्हटलं, "सगळे सारखेच दिसतात रे."

"हो, तेही खरं," म्हणाला. आणि फुंकर मारायची विसरला. मी आठवण करून दिली.

नंतर ही म्हणाली, "अहो, माझी कंबर धरते. पिल्लांकडे आणि काट्याकडे बघायला बाबांना नेऊ या का? मी मागचं बघेन, ते पुढचं."

"त्यांना आराम—"

"नको," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मी वाक्य पुरं केलं नाही.

मग तिच्या सांगण्यावरून मी त्यांना गाडीची सगळी माहिती दिली. कुठली नळी कुठून निघते, कुठे जाते, काटा कुठे असायला हवा आणि का. गुडघे धरत धरत ते पेटीखाली वाकले. एकेक सांधा बोटाने चाचपला. दोन प्रश्न असे विचारले की मलाच वेल्डरला फोन करावा लागला. शेवटी म्हणाले, "मधोमध. त्याच्या वर नाही ना जाणार?"

"नाही."

"गेला तर?"

"गेला तर तुम्ही आहात ना."

१९ डिसेंबर

काटा मधोमध. आज सलग चौथा दिवस.

शोध अखेर लागला. दोष माझ्या निष्कर्षात नव्हता, घाईत होता. गुलाबी पाणी घातल्याबरोबर गुण येत नाही, त्याला मुरायला वेळ द्यावा लागतो. पहिला दिवस जुन्या हिरव्या पाण्याचा अंश शिल्लक असतो, तो विरघळवण्याचं काम करतो, मग सगळं शांत होतं. डिझेल पंपावर इतर ड्रायव्हरांना हे समजावून सांगितलं. एकाने कागद मागून लिहून घेतलं. सासरेबुवा शेजारीच होते. मी म्हटलं, "विचारा यांना, यांनी रात्रंदिवस राखण केली आहे."

ते म्हणाले, "जावईबुवांनी म्हटलं तसंच आहे. मुरायला वेळ लागतो."

त्यांनी माझं म्हणणं एवढं मान्य करण्याची ही पहिलीच वेळ.

पिल्लं सगळी पोचली. पोल्ट्रीवाला म्हणाला, प्रवासातून आल्यासारखी वाटतच नाहीत.

२४ डिसेंबर

हॅचरीच्या बाई आज स्वतः घरी आल्या. पेटीत हात घालून बघितला, सासरेबुवांना विचारलं, "तुम्ही कोण?"

मी सांगणार होतो की माझे सासरे. त्यांनी आधीच उत्तर दिलं. "मी काटा बघतो."

बाईंनी त्यांना आणखी काय काय विचारलं. सासरेबुवांनी मला विचारलेल्या प्रश्नांपेक्षा त्यांची उत्तरं मला सोपी वाटली, पण बाई खूष झाल्या. काम आता कायम. हिने त्यांना चहा दिला आणि दाराआड जाऊन डोळे पुसले. आनंदाने माणूस रडतो, यात विशेष नाही.

२८ डिसेंबर

आजची हकीकत लिहून ठेवण्यासारखी आहे.

घाटाच्या माथ्यावर एक ट्रक उभा. पुढून वाफेचा लोट. त्याचा ड्रायव्हर, तरणाबांड माणूस, हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला होता. मी गाडी थांबवली, पण खरं सांगायचं तर काय करावं मला सुचेना. मला इंजिन थंड पडल्याचं सगळं कळतं. तापल्याचं नाही.

सासरेबुवा माझ्या आधी खाली उतरले. उतरता उतरता मला म्हणाले, "आपलं बंद करू नका. मागे लेकरं आहेत." आणि तिकडे अशा आवाजात ओरडले की मी दचकलो. "झाकणाला हात लावू नको. बाजूला हो."

तो बाजूला झाला. मीही झालो.

वाफ ओसरेपर्यंत त्यांनी त्याला बसवून ठेवलं, घरी कोण कोण आहे वगैरे विचारत. मग बॉनेटखाली हात घातला आणि वरच्या नळीला बोटं लावली. "इंजिन उकळतंय आणि नळी गार," म्हणाले. "दरवाजा बंद होऊन अडकलाय. पाना दे."

आता बघा, या माणसाला वर्तमानपत्राचं ठळक शीर्षक वाचता येत नाही. पण त्यांनी तिथे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून डोंगराकडे बघत होते आणि हात खाली आपले आपण चालले होते. दोन बोल्ट, झाकण, चिमटीत धरून थर्मोस्टॅट बाहेर, झाकण परत, बोल्ट. बाजूला झालेला मी परत जवळ पोचेपर्यंत संपलं होतं. बोल्ट आवळले तेही योग्य तेवढेच, ना कमी ना जास्त. फुंकरला एवढ्या वेळात फुंकर मारून होत नाही.

"हा घाट उतरून जा," त्यांनी त्या ड्रायव्हरला सांगितलं. "खाली गेल्यावर नवा बसव मात्र. बसवायचाच. थंड इंजिनही वाईट असतं." थर्मोस्टॅट त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने वाकून नमस्कार केला.

गाडीत परत बसल्यावर मी विचारलं, "बाबा, इतक्या पटकन कसा काढलात? तेही न बघता?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाताला सवय आहे."

"एवढ्या वर्षांनंतरही?"

"हं."

मला फार कौतुक वाटलं. तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "आपल्या गाडीचे एकामागून एक नाहीसे होत होते, तेव्हा मी वेड्यासारखा फुंकरच्या मागे लागलो होतो. घरात असा हात असताना तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यावर आमच्या दोघांच्या मध्ये बसलेल्या हिने एकाएकी तोंडावर रुमाल दाबला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. मला म्हणाली, "थांबवा, थांबवा," आणि गाडी कडेला घेताच सासरेबुवांच्या अंगावरून चढून खाली उतरली आणि दगडावर जाऊन बसली.

हिला घाटात गाडी लागते. संसाराला इतकी वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. बापाला माहीत असणारच. ते लगेच उतरून तिच्याजवळ गेले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बहुधा तिचं बघून त्यांनाही मळमळायला लागलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांचेही खांदे तसेच हलत होते.

मी इंजिन चालूच ठेवलं. काटा मधोमध होता.